आठ ते आठ म्हणजे किती वाजता?

म्हाताऱ्यांच्या सेवेला ब्युरोमार्फत घरोघर जाणाऱ्या आमच्या बायांचा कामाचा कागद वाचा, दोस्तांनो. आठ ते आठ. आंघोळ, औषधं, डायपर, भरवणं, दर दोन तासांनी कूस बदलणं. झालं. प्रत्यक्षात दोन घरांत एकसारखी ड्यूटी दाखवा, मी मिशी उतरवीन!

म्हाताऱ्या देहाला घड्याळ कळत नाही, कबूल. रात्र तळमळत गेली तर आंघोळ अकराला जाणार. पाण्यानं ठसका लागत असेल तर ते दाट करून चमच्याचमच्यानं पाजावं लागणार. पाठीवरचा लाल चट्टा बघून पुढची जखम ओळखणारी बाई कारागीर आहे. हा बदल तिच्या अकलेचा.

पण सूनबाईनं धुणं पुढ्यात टाकलं, नातवाला आणायला पिटाळलं, बदली बाई आली नाही म्हणून रात्रही गळ्यात मारली, हा बदल कुणाचा? ही सरळ वेठ. त्यात गू-मूत काढायला चालणारे हात पाण्याच्या माठाला चालत नाहीत. आडनाव विचारून कप वेगळा. वर, 'मावशी, तुम्ही घरच्याच!'

१९४६ साली बाबासाहेब मजूरमंत्री असताना कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला. इथं बारा सक बहात्तर. फ्लॅटचं दार लागलं की कायदा बाहेर चपलांपाशी. २००८ च्या घरेलू कामगार कायद्यानं कल्याण मंडळ दिलं, तास नाही बांधले.

कामाचा कागद बाईच्या हातात, ज्यादा तासाला दुप्पट मजुरी, आठवड्याला भरपगारी सुट्टी. हे मागायला मोर्चा काढू तेव्हा भाषणं आपण नकोत ठोकायला. माईक त्यांच्याकडे द्या.