चिमूरच्या बायांना अजून उत्तर मिळालेलं नाही

१५ ऑगस्टला सगळ्यांच्या स्टेटसला तिरंगा होता. माझ्याही होता. दुसऱ्या दिवशी मी ग्रुपवर चिमूरबद्दल चार ओळी टाकल्या आणि शेवटी विचारलं, आज असं झालं तर जाब कोण विचारणार? लगेच एका मित्राचा मेसेज, "पत्रकार, फौजेबद्दल असलं काही टाकू नका." आपल्या निघोजे परिसरातली पोरं फौजेत आहेत, त्यांचा मलाही अभिमान आहे. म्हणूनच सविस्तर लिहितोय. आधी पूर्ण वाचा, मग शिव्या द्या.

१६ ऑगस्ट १९४२. चंद्रपूर जिल्ह्यातलं चिमूर. चले जावची मिरवणूक निघाली, पोलिसांनी गोळीबार केला, चिडलेल्या जमावाने सरकारी अधिकाऱ्यांना ठार मारलं. हे लपवायचं कारण नाही. पण त्यानंतर गावात गोऱ्या सरकारचं लष्कर घुसलं. पुरुषांची धरपकड झाली, घरं लुटली गेली आणि मागे राहिलेल्या बायांवर सैनिकांनी अत्याचार केले. हे त्या बायांनी स्वतः तोंडाने सांगितलं. त्या काळात, त्या गावात असं सांगायला काय छाती लागली असेल, विचार करा.

पुढे काय झालं? जमावातल्या लोकांवर खटले चालले, फाशीच्या शिक्षा झाल्या. त्यांचे गळे वाचवायला अनसूयाबाई काळे यांनी जिवाचं रान केलं. आणि सैनिक, त्यांचे अधिकारी? त्यांची साधी चौकशीही नाही!

चौकशी मागितली कोणी? सेवाग्रामचे प्रा. भन्साळी उपोषणाला बसले. एक-दोन नाही, ६३ दिवस. आणि डॉ. बा. शि. मुंजे चिमूरला गेले, बायांचं ऐकून घेतलं, जाहीर बोलले. मुंजे कोण? काँग्रेसच्या आंदोलनातले नव्हेत, हिंदू महासभेचे नेते. नाशिकची भोसला मिलिटरी स्कूल काढणारे. पोरांनी सैनिक व्हावं म्हणून आयुष्य घालवलेला माणूस सैनिकांच्या अत्याचाराचा जाब मागतो. आता सांगा, जाब मागणं म्हणजे फौजेचा द्वेष का?

सरकारने काय केलं? भन्साळींच्या उपोषणाच्या बातम्यांवर बंदी घातली. तेव्हा देशातल्या वर्तमानपत्रांनी ६ जानेवारी १९४३ ला अंक बंद ठेवले, सरकारी पदव्यांच्या यादीवर बहिष्कार टाकला. आज आम्ही पत्रकार साहेबांच्या वाढदिवसाच्या पुरवण्या काढतो. असो. १२ जानेवारीला तडजोड होऊन उपोषण सुटलं, बातम्यांवरची बंदी उठली. पण अत्याचारांची चौकशी काही झाली नाही.

आता गंमत बघा. १९४६ च्या जानेवारीत याच ब्रिटिशांनी सिंगापुरात जपान्यांवर युद्धगुन्ह्यांचा पहिला खटला चालवला. आरोप काय? हिंदी युद्धकैद्यांचा छळ, एकाचा शिरच्छेद. कॅप्टन गोझावाला कैद झाली, लेफ्टनंट नाकामुराला फाशी. म्हणजे हिंदी माणसावरचा अत्याचार गुन्हा असतो हे साहेबाला चांगलं कळत होतं. फक्त करणारा शत्रूचा पाहिजे. आपला असला की "मनोधैर्य खच्ची होईल".

हीच साहेबी सवय आपण उचलली का, एवढाच माझा प्रश्न आहे. २०१३ मध्ये न्या. वर्मा समितीने सांगितलं, गणवेशातल्या माणसाने बाईवर लैंगिक अत्याचार केला तर खटला साध्या फौजदारी कायद्याने चालवा. पण त्यासाठी अफ्स्पा कायदा काही बदलला नाही. सरकारं आली नि गेली.

जुलै २०२०, काश्मीरमधलं अमशीपोरा. राजौरीहून मजुरीला आलेली तीन पोरं अतिरेकी म्हणून मारली गेली. चाकणच्या मजूर अड्ड्यावर पोटासाठी उभी असतात ना, तशीच ती पोरं. इथे लष्कराने स्वतः चौकशी केली, २०२३ मध्ये कोर्ट मार्शलने कॅप्टनला जन्मठेप सुनावली. याचं श्रेय फौजेला दिलंच पाहिजे. पण त्याच वर्षी लष्करी न्यायाधिकरणाने शिक्षा स्थगित करून जामीन दिला. आपल्यातल्या किती जणांना हे माहीत होतं? टीव्हीवर किती वेळ चाललं?

सीमेवर उभा असलेला जवान आणि निरपराधाला मारणारा अधिकारी यांना एकाच रांगेत मी उभं करत नाही. जाब विचारू नका म्हणणारेच ते करतात. गुन्हेगाराला फौजेच्या आड लपवलं की डाग सगळ्या फौजेला लागतो.

पुढच्या १५ ऑगस्टला तिरंगा जरूर लावा. १६ तारखेला चिमूरच्या हुतात्म्यांबरोबर तिथल्या बायांचीही आठवण काढा. त्यांना पुतळा नको होता, चौकशी हवी होती.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये या, फक्त मुद्द्यावर बोला.