निर्दोष नायकाची निर्मिती : नीबेलुंगेन आख्यानाचे फँटसीकरण

साहित्यकृतीच्या चित्रपटीय रूपांतराची चर्चा करताना 'मूळ संहितेशी निष्ठा' हा निकष आज कोणी गंभीरपणे वापरत नाही. लिंडा हचन यांचा रूपांतरविषयक सैद्धांतिक ग्रंथ २००६ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हापासून तर रूपांतर ही दुय्यम नक्कल नसून स्वायत्त निर्मिती आहे, ही भूमिका विद्यापीठीय समीक्षेत जवळजवळ सर्वमान्य ठरली आहे. ही भूमिका योग्यच आहे. परंतु निष्ठेचा निकष टाकून देताना समीक्षेने त्याच्यासोबत आणखी एक प्रश्न नकळत टाकून दिला आहे. रूपांतरकाराने काय बदलले, याची नोंद होते. त्या बदलामुळे आख्यानातील कृत्यांची जबाबदारी कोणाकडून कोणाकडे सरकली, हे मात्र विचारले जात नाही. वीरगाथांच्या फँटसीकरणाबाबत हाच प्रश्न सर्वांत निकडीचा आहे आणि 'नीबेलुंगेनलीड' या मध्ययुगीन जर्मन महाकाव्याच्या चित्रपटीय वाटचालीत तो विशेष स्पष्टपणे उभा राहतो.

इ. स. १२०० च्या सुमारास एका अनामिक कवीने रचलेले हे काव्य ३९ सर्गांचे आहे. सीगफ्रीड या वीराने ड्रॅगन मारला, त्याच्या रक्तात स्नान केले आणि त्याची त्वचा अभेद्य झाली, ही त्यातील सर्वांत प्रसिद्ध घटना. परंतु काव्य वाचू लागताच लक्षात येते की, ही घटना काव्यात 'घडत'च नाही. तिसऱ्या सर्गात सीगफ्रीड वोर्म्सच्या दरबारात येतो, तेव्हा हागेन हा सरदार खिडकीतून त्याला पाहून राजाला त्याची पूर्वकीर्ती सांगतो. त्या सांगण्यात ड्रॅगनच्या वाट्याला जेमतेम एक कडवे येते. कवीला ती कथा ठाऊक होती. त्याने ती जाणीवपूर्वक ऐकीव वार्तेच्या कोपऱ्यात बसवली. पंधराव्या सर्गात ड्रॅगनचा उल्लेख पुन्हा येतो, तोही संभाषणातूनच. सीगफ्रीडच्या दोन खांद्यांच्या मध्ये लिंडेन वृक्षाचे पान पडल्यामुळे तेवढी जागा भेद्य राहिली, हे त्याची पत्नी क्रीमहिल्ड हागेनला विश्वासाने सांगते आणि नवऱ्याचे रक्षण व्हावे म्हणून त्याच्या वस्त्रावर त्या जागी रेशमी धाग्याने क्रूसाची खूण शिवते. भाला नेमका तिथेच लागतो. अद्भुताला या काव्यात अर्थ मिळतो, तो मानवी विश्वासाच्या आणि विश्वासघाताच्या व्यवहारातून. ड्रॅगनचे रक्त सीगफ्रीडला वाचवू शकत नाही, कारण त्याचे मर्म दरबारातील नात्यांच्या हाती गेलेले असते.

हे मर्म हाती जाण्याची प्रक्रिया सीगफ्रीडनेच सुरू केलेली आहे. क्रीमहिल्डचा हात मिळावा म्हणून तो तिचा भाऊ गुंथर याला ब्रूनहिल्ड राणी जिंकून देण्याचे कबूल करतो. ब्रूनहिल्डच्या किनाऱ्यावर उतरताना तो गुंथरच्या घोड्याचा लगाम धरून उभा राहतो आणि स्वतःला गुंथरचा मांडलिक म्हणवतो. किल्ल्याच्या खिडक्यांतून स्त्रिया हे दृश्य पाहत असतात. एका साध्या दरबारी हावभावातून रचलेले हे असत्य पुढील सर्व विनाशाचे बीज ठरते. अदृश्य करणारा झगा पांघरून शौर्याच्या स्पर्धा तोच जिंकतो. विवाहानंतर शय्यागृहात प्रतिकार करणाऱ्या ब्रूनहिल्डला अंधारात नमवतो तोच. तिची अंगठी आणि कमरपट्टा काढून घेतो आणि नंतर क्रीमहिल्डला देतो, तोही तोच. चौदाव्या सर्गात वोर्म्सच्या चर्चच्या दारात 'आधी प्रवेश कोणाचा' यावरून दोन राण्यांचा वाद होतो आणि क्रीमहिल्ड त्या दोन वस्तू सर्वांसमक्ष पुराव्यादाखल पुढे करते. झगा जादूचा असला, तरी फसवणूक जादूची नाही. सीगफ्रीड शुद्धीवर आहे, त्याला आपण काय करतो ते कळते आहे आणि त्याने ते मोबदल्यासाठी केले आहे.

आता उली एडेल यांचा २००४ मधील दूरचित्रवाणीसाठी बनवलेला दोन भागांचा चित्रपट पाहावा. हॉलिवूडमधील 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' चित्रत्रयीच्या (२००१-२००३) यशानंतर लगेच आलेल्या या निर्मितीला जर्मन शीर्षकातच 'ड्रॅगनचा शाप' हे शब्द जोडले गेले. इथे ड्रॅगन ऐकीव राहत नाही. त्याच्याशी झुंज हे मोठे दृश्य होते आणि त्याच्याकडून मिळालेला खजिना शापित असतो. सीगफ्रीड आणि ब्रूनहिल्ड यांचे प्रेम वोर्म्सच्या आधीच जुळलेले असते. ते तोडण्यासाठी सीगफ्रीडला क्रीमहिल्डच्या हातून विस्मृतीचे पेय पाजले जाते. ते पेय पोटात गेल्यावर त्याने ब्रूनहिल्डशी केलेली फसवणूक ही त्याची राहतच नाही. हागेन हा अल्बेरिश या खुजाचा पुत्र ठरतो. म्हणजे त्याचे कपट त्याच्या रक्तातच असते आणि ते रक्त मानवी नसते. एक पेय, एक शाप आणि एक अमानुष वंश या तीन युक्त्यांनी चित्रपट आख्यानातील प्रत्येक निर्णायक कृत्याची जबाबदारी माणसांच्या खांद्यांवरून उचलून बाहेर ठेवतो. सीगफ्रीडच्या अंत्यविधीपाशी ही कथा संपते. काव्याचा जवळजवळ अर्धा भाग व्यापणारा क्रीमहिल्डचा सूड, एट्सेल राजाचा दरबार आणि तिथला सर्वनाश यांना तिच्यात स्थानच उरत नाही. उरणारही नाही, कारण दोष शापाचा असेल, तर सूड कोणावर उगवायचा?

यावर एक आक्षेप सहज घेतला जाईल. विस्मृतीचे पेय हे चित्रपटवाल्यांचे कारस्थान नव्हे. ते तेराव्या शतकातील आइसलँडच्या 'व्होल्सुंगा सागा'त आहे. रिखार्ड वाग्नरने तिथूनच ते आपल्या संगीतनाट्यात घेतले आणि १८७६ मध्ये बायरॉइटच्या रंगमंचावर आणले. आख्यान अनेकमुखी आहे. मग एका मुखाला 'अस्सल' का ठरवावे? आक्षेपातील वस्तुस्थिती खरी आहे. किंबहुना दोषमुक्तीची ओढ याहूनही जवळ सापडते. 'नीबेलुंगेनलीड'च्या तीन प्रमुख हस्तलिखितांपैकी 'क' या पाठातच क्रीमहिल्डचा दोष सौम्य करून हागेनचा गडद करण्याकडे कल दिसतो. तेव्हा प्रश्न अस्सलतेचा मुळीच नाही. अनेक मुखांतून निवड करावी लागते, म्हणूनच त्या निवडीचा जाब विचारता येतो. शिवाय आइसलँडच्या सागात पेयाचा अंमल उतरतो, सिगुर्डला सर्व आठवते आणि आठवल्यानंतरही त्याला त्या घरात, त्या दोन स्त्रियांच्या मध्ये जगावे लागते. तिथे पेय शोकांतिका संपवत नाही, तिला आरंभ करून देते. चित्रपटाने सागातून पेय उचलले आणि त्यानंतरचे जगणे मागे ठेवले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जे. आर. आर. टॉल्किन यांनी १९३६ मधील 'बेओवुल्फ'विषयक व्याख्यानात, राक्षसांना परिघावर ढकलून इतिहास आणि राजकारण शोधणाऱ्या समीक्षकांना खडसावले होते. त्या काव्यात राक्षस केंद्रस्थानी आहेत आणि ते तिथेच असायला हवेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. फँटसी चित्रपटाचे समर्थक या प्रतिपादनाचा आधार घेतात. परंतु टॉल्किन यांचा आग्रह काव्याच्या स्वतःच्या संरचनेचा मान राखण्याचा होता. 'बेओवुल्फ'च्या कवीने राक्षस मध्यभागी ठेवले. 'नीबेलुंगेनलीड'च्या कवीने तो कडेला ठेवला. दोन्ही ठिकाणी कवीची रचना अर्थपूर्ण आहे. सर्व जर्मानिक वीरगाथांना एकाच राक्षसकेंद्री साच्यात ओतणे म्हणजे टॉल्किन यांचे नाव घेऊन त्यांच्याच पद्धतीला तिलांजली देणे होय.

चित्रपटाला दृश्य हवे असते, ऐकीव वार्ता पडद्यावर कशी दाखवायची, असे म्हणणाऱ्यांना १९२४ मध्येच उत्तर मिळाले आहे. फ्रिट्झ लांग यांनी टेआ फॉन हार्बू यांच्या पटकथेवरून केलेल्या दोन भागांच्या मूकपटात ड्रॅगन आहे, तो प्रचंड यांत्रिक देहाचा आहे आणि प्रेक्षकांचे डोळे दिपवण्यासाठीच आहे. परंतु तो आरंभीच मरतो आणि त्यानंतर फसवणूक, चर्चच्या पायऱ्यांवरचा कलह आणि खून हे सारे माणसांच्या हातून घडते. दुसरा भाग तर संपूर्णपणे क्रीमहिल्डच्या सूडाचा आहे. त्यात रूडिगरलाही स्थान आहे. एका बाजूने क्रीमहिल्डला दिलेली शपथ आणि दुसऱ्या बाजूने ज्यांना आपल्या घरी पाहुणे म्हणून ठेवले त्यांच्याशी असलेले नाते, अशा पेचात हा सरदार सापडतो. काव्याच्या ३७व्या सर्गातील हा पेच कोणत्याही जादूने सुटण्यासारखा नाही, म्हणूनच तो काव्याचा नैतिक कळस ठरतो. लांग यांचा चित्रपट निष्कलंक आहे, असे मात्र कोणी म्हणू नये. त्यातील मानवी देहांच्या भूमितीय मांडणीत झिगफ्रीड क्राकाउअर यांनी १९४७ मध्ये नाझी संचलनांची पूर्वछाया पाहिली. अल्बेरिशच्या चित्रणातील ज्यूविरोधी व्यंगरूपाकडेही अभ्यासकांनी बोट दाखवले आहे. ही टीका प्रस्तुत मुद्द्याला बळकटीच देते : तो चित्रपट जिथे दुष्टतेला परक्या वंशाचा चेहरा देतो, तिथेच तो सर्वाधिक घसरतो.

दोषमुक्तीचा हा प्रश्न केवळ सौंदर्यशास्त्राचा नाही, हे जर्मन इतिहासानेच दाखवून दिले आहे. पहिल्या महायुद्धातील पराभवानंतर सेनापती हिंडेनबुर्ग यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात थकलेल्या जर्मन आघाडीची तुलना हागेनच्या भाल्याने कोसळलेल्या सीगफ्रीडशी केली. पाठीत खंजीर खुपसला गेल्याच्या त्या विषारी मिथकाला सीगफ्रीड निर्दोष असणे आवश्यक होते. लगाम धरून खोटे बोलणारा, शय्यागृहात अंधाराचा फायदा घेणारा सीगफ्रीड या उपमेत चालला नसता. १९३३ मध्ये लांग यांच्या चित्रपटाचा पहिला भाग ध्वनी आणि वाग्नरचे संगीत जोडून पुन्हा प्रदर्शित करण्यात आला. सूडाचा दुसरा भाग वगळण्यात आला. तेजस्वी वीर आणि त्याचा घात एवढेच दाखवायचे होते. त्या घाताची किंमत सर्वांनी मिळून कशी मोजली, हे दाखवायचे नव्हते. पुढे ३० जानेवारी १९४३ च्या भाषणात ग्योरिंग यांनी स्टालिनग्राडला वेढल्या गेलेल्या सैन्याची तुलना एट्सेलच्या जळत्या दालनात शेवटपर्यंत लढणाऱ्या नीबेलुंगांशी केली. तेव्हा दुसरा भाग उपयोगाला आला; मात्र ते वीर स्वतःच्याच अपराधाचे ऋण फेडण्यासाठी त्या दालनात पोचले होते, हे त्यातून गाळलेले होते. दोन्ही वापरांत एकच कात्री चालली आहे : पराक्रम ठेवायचा आणि कारण कापायचे.

एकविसाव्या शतकातील करमणूकप्रधान फँटसीचा या राजकारणाशी उद्देशाने काही संबंध नाही आणि तसा आरोप करणे अन्यायाचे ठरेल. तथापि उद्देश वेगळा असूनही कात्री तीच राहते, ही गोष्ट समीक्षेने नोंदवली पाहिजे. वोल्फगांग होलबाइन यांच्या १९८६ मधील कादंबरीवरून २०२४ मध्ये आलेल्या, सिरिल बॉस आणि फिलिप श्टेनर्ट दिग्दर्शित चित्रपटाने वेगळी वाट चोखाळली. त्यात हागेन नायक आहे आणि सीगफ्रीडच्या तेजाला बेदरकारपणाची किनार आहे. हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु तिथेही हागेनच्या निष्ठेपाठोपाठ क्रीमहिल्डविषयीचे अव्यक्त प्रेम ठेवावे लागले. काव्यातला हागेन राजसत्तेच्या हितासाठी खून करतो आणि तो नाकारतही नाही. त्याची भयानकता आणि मोठेपण दोन्ही यातच आहेत. त्याला व्याकूळ प्रेमिक केले की राजकीय हत्या ही हृदयाची व्यथा होते. शापाने जे काम २००४ मध्ये केले, ते इथे मानसशास्त्र करू लागते.

त्स्वेतान तोदोरोव्ह यांनी १९७० मध्ये फँटसीची व्याख्या नैसर्गिक आणि अतिनैसर्गिक यांच्यामधील संदेहावर उभी केली. व्यापारी फँटसीत असा संदेह क्वचितच उरतो. शाप हा तिथे गुरुत्वाकर्षणाइतकाच निःशंक नियम असतो. नीबेलुंगेनच्या कवीने मात्र संदेहाची जागा बदलली आहे. झगा खरा की खोटा, हा संदेह त्याच्या श्रोत्याला पडत नाही. झगा पांघरणाऱ्याला काय म्हणावे, हा पडतो. वीर, मित्र, जावई की लबाड? काव्य यांपैकी एकही नाव रद्द करत नाही. अखेरीस क्रीमहिल्ड सीगफ्रीडच्याच तलवारीने हागेनचे मस्तक उडवते, हिल्डेब्रांट तिला ठार करतो आणि जे जिवंत उरतात ते रडत राहतात. ज्याच्याकडे बोट दाखवून मोकळे व्हावे, असा एकही राक्षस तोवर रंगभूमीवर शिल्लक राहिलेला नसतो.

या आख्यानाचे पुढचे रूपांतर करणाऱ्याने ड्रॅगन दाखवावा की वगळावा, याविषयी समीक्षेने आज्ञा देण्याचे कारण नाही. संगणकाच्या साह्याने तो हवा तेवढा मोठा करता येईल. त्या रूपांतराची परीक्षा मात्र किनाऱ्यावरच्या त्या छोट्या दृश्यात होईल. एक वीर दुसऱ्याच्या घोड्याचा लगाम धरून उभा आहे, खिडक्यांतून स्त्रिया पाहत आहेत आणि तो पूर्ण शुद्धीवर आहे. हे दृश्य ज्याला चित्रित करता येईल, त्याने बाकी सर्व बदलले तरी आख्यान त्याच्या हाती आलेले असेल.