रॅली निघाली, पण डॉक्टर-नर्स कुठे आहेत?

जुम्याच्या बयानात नशेविरुद्ध बोललं जातं, मोहल्ला कमिट्या रॅल्या काढतात. हे व्हायलाच हवं. पण मुलगा "सोडतो" म्हणाला की त्याला न्यायचं कुठे, हा सवाल आम्ही फारसा विचारत नाही.

दारू असो की मालेगावकडे 'कुत्ता गोळी' म्हणून विकली जाणारी गोळी, रोजची सवय असलेल्याने ती एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, भ्रम होतो, कधी जीवही जातो. म्हणून सुरुवातीचे दिवस डॉक्टर आणि रात्रपाळीची नर्स लागते. पुढे कित्येक महिने समुपदेशक लागतो. तौबा दिलातून होते, पण शरीराला इलाज लागतोच.

आणि इलाज करणारेच कमी आहेत. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या 2019 च्या सर्वेक्षणानुसार दारूच्या त्रासामुळे मदतीची गरज असलेले देशात सुमारे 5.7 कोटी लोक आहेत. दारूचं व्यसन जडलेल्या 38 जणांपैकी एकालाच काही उपचार मिळाले. भरती होऊन उपचार तर 180 पैकी एकाला. मानसोपचारतज्ज्ञ लाख लोकांमागे 0.75, म्हणजे एकही पुरा नाही. निदान 3 हवेत.

सरकारी दवाखान्यात कोणी भेटलं नाही की गरीब घरातली आई दागिने गहाण ठेवून खाजगी केंद्र गाठते. त्यातल्या काही ठिकाणी इलाजाच्या नावाखाली कोंडून ठेवतात, मारतात. त्यामुळे केंद्राची नोंदणी आहे का, हे आधी विचारा.

कायदा मात्र आपल्या बाजूने आहे. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा दारू-ड्रग्जमुळे होणाऱ्या मानसिक विकारांनाही आजार मानतो. कलम 18 सरकारी उपचाराचा हक्क देतं. कलम 31 सांगतं की दहा वर्षांत तज्ज्ञांची संख्या आंतरराष्ट्रीय प्रमाणापर्यंत नेण्याचे प्रयत्न सरकारने करावेत. कायदा 2018 मध्ये लागू झाला; म्हणजे मुदत 2028.

तेव्हा पुढच्या रॅलीसोबत मोहल्ल्यातल्या जिम्मेदारांनी एक माहिती अधिकाराचा अर्जही द्यावा. जिल्हा रुग्णालयात व्यसनमुक्तीसाठी मंजूर पदं किती, भरलेली किती, रात्री ड्युटीवर कोण असतं? तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ते उत्तर घेऊन आमदार, पालकमंत्र्यांकडे जाऊ या. तोवर 14446 ही राष्ट्रीय हेल्पलाइन मशिदीच्या, शाळेच्या फलकावर लिहून ठेवा.