गोठ्यातला देव आणि आपला ‘मी’

डिसेंबरचा उत्तरार्ध लागला, की गिरगावातील खोताच्या वाडीत घरांच्या सज्जांवर कागदी तारे उजळू लागतात. कुठे जिन्याखाली, कुठे ओटीच्या कोपऱ्यात गवत पसरून गोठा मांडला जातो. त्यात मातीची गाय, मेंढरे, मेंढपाळ आणि मध्यभागी ते तान्हे बाळ. आम्ही गिरगावातील हिंदू घरांतील माणसे हा सोहळा बालपणापासून पाहत आलो. दिवाळीत आमच्याकडून चकल्या-करंज्यांचे ताट त्या घरांत जाई आणि नाताळात कुलकुले, नेवऱ्या व केकचे तुकडे घेऊन ते विणलेल्या रुमालाखाली झाकून परत येई. रिकामे ताट परत पाठवू नये हा संकेत दोन्ही घरांनी न बोलता पाळला. देव्हाऱ्यातले देव निराळे होते. परंतु देवासमोर माणसाने नम्र व्हावे, याविषयी दोन्ही घरांत दुमत नव्हते.

त्या वाडीतील वडीलधारी ख्रिस्ती मंडळी अलीकडे एक खंत बोलून दाखवतात. पूर्वी सुमारे पासष्ट घरांची असलेली ही वाडी आता निम्म्याहूनही कमी उरली आहे. पण त्यांची खंत घरांपुरती नाही. रविवारची प्रार्थना तरुणांना सवडीची बाब वाटते, नाताळ म्हणजे नवे कपडे आणि मेजवानी एवढेच मुलांच्या ध्यानात राहते, आणि घरच्या जपमाळेला संध्याकाळी सगळे एकत्र बसत नाहीत, हे त्यांचे दुःख आहे. हे ऐकताना आमच्या मनात येते, की शब्द तेवढे बदलले तर हे गाऱ्हाणे आमच्याच घरातले आहे. जपमाळेच्या जागी शुभंकरोती ठेवावे, एवढेच.

आजच्या संस्कृतीने माणसाला एक मंत्र शिकविला आहे, तो म्हणजे ‘मला काय हवे?’ वस्तू माझ्या आवडीची, वेळ माझ्या सोयीची, नाते मला सुखावेल तोवर. बाजारात शिकलेली ही सवय माणूस देवळाच्या पायरीशी वाहाणा काढताना बाहेर ठेवत नाही. ती घेऊनच तो आत येतो. मग देवही माझ्या कामाचा असावा लागतो. प्रवचन आवडले नाही तर हातातील मोबाईलवर दुसरे लावावे, मागणे पूर्ण झाले नाही तर दुसरे दैवत पाहावे, असा हा व्यवहार होतो.

ख्रिस्ती श्रद्धेला हा आघात विशेष जिव्हारी लागतो, याचे कारण तिच्या सणातच आहे. ज्याला जगाचा स्वामी मानायचे, त्याने राजवाडा सोडून गुरांच्या गोठ्यात जन्म घेतला आणि अखेर दुसऱ्यांसाठी प्राण दिला, हे त्या धर्माचे सार होय. देवानेच आपले मोठेपण सोडले, मग भक्ताने आपला ‘मी’ का कवटाळावा, असा प्रश्न तो गोठा दरवर्षी विचारतो. प्रश्न विचारणारे बाळ मातीचे असते म्हणून तो प्रश्न मातीचा ठरत नाही. परंतु गोठ्यासमोर उभे राहून स्वतःचेच छायाचित्र काढण्याची घाई असलेल्याला तो ऐकू येणार कसा?

यापुढे धर्मप्रसाराचा विषय निघतो, आणि हिंदू घरांत तो नाजूक आहे हे आम्ही जाणतो. मुंबईला त्याचा इतिहास मोठा आहे. जॉन विल्सन १८२९ साली या शहरात आले, मराठी शिकले, आणि १८३२ साली त्यांनी सुरू केलेल्या शाळेतून आज गिरगाव चौपाटीसमोर उभे असलेले विल्सन महाविद्यालय वाढले. त्या काळात एकेका धर्मांतराने शहर ढवळून निघे. १८४३ साली नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले, त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे गेला, प्रकरण न्यायालयात पोहोचले आणि मुलगा घरी परत आला. त्याला जातीत परत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी सनातन्यांचा रोष पत्करला. त्या वादात कोणाची बाजू बरोबर होती, हा आजचा विषय नव्हे. एका मुलाने कोणत्या देवाला हाक मारावी, यासाठी घरे, पंडित, पाद्री आणि न्यायाधीश झोप गमावून बसले होते, एवढे मात्र लक्षात घ्यावे. आज एखाद्या घरातील मुलाने देवाला हाक मारणेच सोडले, तर त्या घरात साधा वादही होत नाही. दोन्ही धर्मांच्या माणसांनी अंतर्मुख व्हावे अशी ही गोष्ट आहे.

प्रसार कसा असू शकतो याचे उदाहरण आमच्या मराठी भाषेतच आहे. नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. १८९५ साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि चित्पावन घराण्यावर जणू आकाश कोसळले. पत्नी लक्ष्मीबाईंची काही वर्षे पतीपासून ताटातूट झाली. तिचे दुःख त्यांनी पुढे ‘स्मृतिचित्रे’मध्ये ज्या निर्मळ भाषेत सांगितले, तिला मराठीत जोड नाही. पुढे दोघे अहमदनगरला एकत्र राहू लागले, तेव्हा लक्ष्मीबाई त्याच घरात आपले सोवळेओवळे पाळीत होत्या. धर्माच्या प्रसाराला वाहून घेतलेल्या या माणसाने स्वतःच्या पत्नीवर मात्र सक्ती केली नाही. त्या ख्रिस्ती झाल्या त्या आपल्या विचाराने, आपल्या वेळेला. त्याच घरी बालकवी ठोमरे मुलासारखे राहिले, आणि हिंदूच राहिले. तुकोबांवर टिळकांची भक्ती अखेरपर्यंत होती. ख्रिस्ताची कथा त्यांनी कीर्तनाच्या चालीवर आणि अभंगाच्या छंदात गायिली. १९१७ साली मिशनची नोकरी आणि तिचे वेतन सोडून त्यांनी संन्यस्त वृत्ती स्वीकारली व ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना सारखीच जागा होती. १९१९ साली ते मुंबईतच निवर्तले. त्यांचा धर्म आम्ही स्वीकारला नाही, पण त्यांची फुलामुलांची गाणी आमच्या शाळांतून घरोघर गेली. ज्याने स्वतःसाठी काही मागितले नाही, त्याचे म्हणणे परक्याच्या अंगणातही ऐकले जाते, याहून मोठा पुरावा कोणता हवा?

या पार्श्वभूमीवर आजचा एक प्रकार पाहावा. श्रद्धा ठेवा म्हणजे नोकरी लागेल, परदेशाची वाट मोकळी होईल, दुखणे पळेल, घर होईल, असे गर्जून सांगणाऱ्या सभा जगभर भरतात आणि त्यांचे पडसाद आपल्या शहरातही उमटतात. आमिषाने केलेल्या प्रसाराचा हिंदू मनाला राग येतो, आणि तो यावाच. परंतु शांतपणे विचार केला तर दिसते, की अशा प्रचाराने पहिली इजा होते ती ख्रिस्ताच्या शिकवणुकीलाच. ज्याने सर्वस्व दिले त्याच्या नावाने मिळकतीचे वचन विकणे, हा तर गोठ्यावर दुकानाची पाटी लावण्याचा प्रकार झाला. जो लाभासाठी आला तो लाभ आटताच जातो. जो थांबतो तोही भक्त होत नाही, गिऱ्हाईकच राहतो. अनेक विचारी ख्रिस्ती धर्मगुरूंना आणि भाविकांना हीच चिंता वाटते.

आणि आम्ही? शेजाऱ्याच्या छपराकडे बोट दाखविताना आपल्या कौलांकडेही पाहावे. मंगळवारी प्रभादेवीला सिद्धिविनायकाची रांग आणि बुधवारी माहीमला सेंट मायकल चर्चच्या नोव्हेनाची रांग, या दोन रांगांत पुष्कळदा तीच माणसे असतात, तीच मागणी घेऊन. नवसाला आम्ही हसत नाही. पोटच्या मुलासाठी अनवाणी चालत गेलेल्या आईच्या नवसाला कोण हसेल? तिने काही मागितले त्याआधी स्वतःचे पाय दिले होते. मागणे हा दोष नव्हे. मागून झाल्यावर पाठ फिरविणे हा दोष होय.

१८९३ साली गिरगावातील केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. तीन वर्षांनी, १८९६ साली मुंबईत प्लेग आला. माणसे शहर सोडून पळाली. त्या साथीत अनेक ख्रिस्ती वस्त्यांनी गल्लीच्या तोंडाशी क्रूस उभारले आणि तेथे जमून प्रार्थना केल्या. त्यांतील कित्येक आजही उभे आहेत, आणि येताजाता त्यांना फूल वाहणारे हात केवळ ख्रिस्ती नसतात. चाळीतला गणपती आणि वाडीतला क्रूस यांच्यामागची भावना जवळची होती. दोन्हींपुढे मागणे होते, पण ते ‘माझ्या’ एकट्यासाठी नव्हते. चाळीसाठी, वाडीसाठी, गावासाठी होते. आज लालबाग-परळच्या मंडपांत भक्तीला कमी नाही, गर्दीलाही नाही. तरीही खास ओळखीची रांग निराळी आणि रात्रभर उभ्या असलेल्या कामकऱ्याची रांग निराळी, हे दृश्य पाहिले की ‘सार्वजनिक’ हा शब्द अडखळतो. २०२० साली महामारीत लालबागच्या राजाच्या मंडळाने मूर्ती न बसविता रक्तदान आणि प्लाझ्मादान यांचा आरोग्योत्सव केला. त्या वर्षी मूर्ती नव्हती, पण गणेशोत्सव झालाच नाही असे कोण म्हणेल?

यावर कोणी म्हणेल, की जुन्या वाड्यांत आणि चाळींत धर्माच्या नावाने पुष्कळ जाचही होता, आणि व्यक्तीला स्वातंत्र्य मिळाले हे बरेच झाले. हा आक्षेप खरा आहे. अस्पृश्यांना विहिरीवरून हाकलणारी सामुदायिकता परत यावी असे कोणताही शहाणा माणूस म्हणणार नाही. टिळकांनी तरी काय केले? सारी जात एका बाजूला असता त्यांनी एकट्याने निर्णय घेतला. पत्नीला दुःख झाले, तेही आम्ही विसरत नाही. परंतु स्वतः विचार करणे आणि स्वतःपुरता विचार करणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्याने माणूस आपल्या श्रद्धेची किंमत मोजायला तयार होतो, दुसऱ्याने तो श्रद्धेकडून किंमत वसूल करू लागतो. आधुनिक युगाने पहिले दिले, हे त्याचे ऋण. त्याच युगाने दुसरे आपल्या गळी उतरविले, हा त्याचा रोग.

तेव्हा ख्रिस्ती धर्माचा प्रसार मंदावला तर आपल्याला काय त्याचे, असे कोणा हिंदू गृहस्थाला वाटत असेल तर तो भ्रम समजावा. ज्या वाळवीने शेजारचा वासा पोखरला ती भिंत ओलांडून येते. दादरच्या पोर्तुगीज चर्चची स्थापना १५९६ सालची. राज्ये आली आणि गेली, जुनी इमारत जाऊन चार्ल्स कोरियांनी रचलेली नवी वास्तू उभी राहिली, तरी प्रार्थना चालू राहिली. राजसत्ता बदलल्याने श्रद्धा मरत नाही. घरातल्या घरात ती पुढच्या हातात दिली गेली नाही, म्हणजे मरते. आणि देणाऱ्याच्या जगण्यात ती दिसली नाही, तर घेणारा हात पुढे येत नाही.

आमची विनंती लहानशी आहे. या नाताळात शेजारच्या ख्रिस्ती घरी शुभेच्छा द्यायला जाताना मुलांना बरोबर न्यावे. त्यांना तो गोठा दाखवावा आणि देव गुरांच्या संगतीत का जन्मला, हे त्या घरच्या आजीलाच सांगू द्यावे. आपल्या घरी परतल्यावर गोकुळातल्या गुराख्याची गोष्ट आपण सांगावी. मुलांना दोन्ही गोष्टींतले साम्य समजावून द्यावे लागणार नाही. आणि येताना शेजारचे ताट आपल्या हाती आले, तर ते रिकामे परत जाणार नाही एवढे पाहावे. सर्व ख्रिस्ती बांधवांना नाताळच्या आमच्या मनःपूर्वक शुभेच्छा.