विश्लेषण : जुन्या वडाचे वय ठरवायचे कसे?

वय का महत्त्वाचे?
महाराष्ट्राच्या नागरी भागांसाठीच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ मध्ये सुधारणा झाली. ५० वर्षे किंवा त्याहून जुने झाड आता ‘प्राचीन वृक्ष’ ठरते. ते तोडल्यास त्याच्या वयाइतकी झाडे लावावी लागतात. म्हणजे वय कमी धरले, की जबाबदारीही कमी.

मोजणी कशी होते?
सागाच्या खोडात वार्षिक वलये स्पष्ट दिसतात. वड-पिंपळात ती तशी दिसत नाहीत. म्हणून छातीच्या उंचीवर घेर मोजून त्या जातीच्या सरासरी वार्षिक वाढीने भागतात. पण पाण्याजवळचा वड झपाट्याने वाढतो, माळावरचा सावकाश. खोडाला चिकटलेल्या पारंब्याही घेर फुगवतात. त्यामुळे उत्तर अंदाजेच असते. जुनी छायाचित्रे आणि कागदपत्रे त्याला जोडायला हवीत.

जतन म्हणजे काय?
सांगली जिल्ह्यातील भोसे येथील सुमारे ४०० वर्षांचा मानला जाणारा वड २०२० मध्ये लोकांच्या विरोधामुळे महामार्गाच्या कामातून वाचला. पुढे मात्र तो कोसळला. तोड थांबवणे ही केवळ सुरुवात आहे. बुंध्याभोवतीची माती मोकळी ठेवणे, मुळांजवळ खोदकाम व काँक्रीट टाळणे आणि नियमित तपासणी करणे हे काम त्यानंतरचे.