बालमनाची भूक

दुष्काळात सरकारी कोठारे रयतेला खुली करणाऱ्या दामाजीपंतांचे नाव मंगळवेढे आजही अभिमानाने सांगते. पोटाची भूक या भूमीने ओळखली. बालमनाची भूक ओळखणे अद्याप बाकी आहे.

तालुक्याच्या कोरडवाहू गावांतून दरवर्षी कुटुंबे ऊसतोडीला जातात. लहान मूल एक तर आजीपाशी मागे राहते, नाही तर फडाजवळच्या कोपीत दिवस काढते. एकाला आई दुरावते, दुसऱ्याला सवंगडी. त्याचे रुसणे, बिचकणे म्हणजे हट्ट नव्हे. ती मनाची हाक होय.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम आरंभले आणि पुढे शाळाच मुलांच्या अंगणात नेली. १९७५ च्या एकात्मिक बालविकास योजनेने अंगणवाडी गावोगाव पोचवली. परंतु आहार आणि वजन यांच्या नोंदींतच सेविकेचा बराच वेळ खर्ची पडतो. वजनकाट्याला मन कळत नाही.

खाऊ वाटून घेणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, रडणाऱ्या सोबत्याची समजूत काढणे हे धडे खेळातूनच गिरवले जातात. त्यासाठी सेविकेचा नोंदींचा भार हलका व्हावा आणि हंगामात अंगणवाडी फडापर्यंत जावी. दामाजींच्या गावाने आता मायेचे कोठारही उघडावे.