वीसपैकीं एकोणीस

आचोळ्याच्या मुलाची वाट पूर्वीं फार तर चर्चगेटपर्यंत जात असे. हल्लीं ती कॅनडा-ऑस्ट्रेलियापर्यंत जाते. मात्र तेथील विद्यापीठांत प्रवेश मिळण्यापूर्वीं बहुधा आयईएलटीएस किंवा टोफेल ही इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते, आणि तेथेंच आमच्या कित्येक हुशार मुलांचें घोडें पेंड खातें.

परवां आमचा एक माजी विद्यार्थी खिन्न होऊन भेटावयास आला. आयईएलटीएसच्या तोंडी परीक्षेंत त्याला स्वतःच्या गांवाविषयीं विचारलें. त्यानें पाठ केलेला निबंध सुरू केला. परीक्षकानें मध्येंच विचारलें, “दहा वर्षांत तेथें काय बदललें?” मुलगा गप्प ! “सर, मराठींत विचारलें असतें, तर अर्धा तास बोललों असतों,” असें तो म्हणाला. ह्याच मुलाला दहावीस तोंडी इंग्रजींत वीसपैकीं एकोणीस गुण होते; आणि ते आम्हींच दिले होते.

पालकहो, येथें आम्हांस आमचाच कान धरावा लागतो. बोर्डाच्या इंग्रजीचे 80 गुण लेखी. उरलेले 20 शाळेच्या हातीं. ते आम्ही लग्नांतल्या अक्षतांप्रमाणें उधळतों. आयईएलटीएसमध्यें ऐकणें, वाचणें, लिहिणें व बोलणें ह्या चारही अंगांस सारखेंच वजन असतें. ध्वनिमुद्रण एकदांच ऐकवितात. परीक्षक अकरा ते चौदा मिनिटें समोर बसून बोलतो, व पाठ केलेलें उत्तर त्याच्या ध्यानांत येतें.

पूर्वींच्या परीक्षा अशा नव्हत्या. केंब्रिजनें 1913 सालीं परकीयांसाठीं इंग्रजीची जी पहिली परीक्षा घेतली, ती सुमारें बारा तासांची होती. त्यांत तोंडी भाग एक तासाचा. तिघे बसले, तिघेही नापास झाले ! आमची शाळा अजून बहुतेक त्याच सालांत आहे.

कित्येक पालक म्हणतात, परक्यांच्या मापानें आमच्या मुलांस कां मोजावें ? फीविषयींची तक्रार आम्हांस मान्य आहे. दहा हजारांहून अधिक रुपये भरावे, आणि निकाल बहुधा दोनच वर्षें ग्राह्य, हें गरिबाच्या मुलास जड आहे. पण मापाविषयीं म्हणाल, तर 1859 सालीं मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या प्रवेशपरीक्षेंतही माप परक्यांचेंच होतें, व रानडे आणि भांडारकर त्यांत उतरले. शिवाय साहेबासारखा उच्चार येथें कोणी मागत नाहीं. बोलणें समजावें, एवढेंच पाहतात. वसईकराच्या जिभेला त्यांत लाज वाटण्याजोगें कांहींच नाहीं.

येत्या जूनपासून आमच्या वर्गाच्या सरावाच्या तोंडी परीक्षेस दुसऱ्या शाळेंतील शिक्षक बोलवावे, असा आमचा विचार आहे. प्रश्न आधीं सांगितले जाणार नाहींत. कोणाच्या मुलास वीसपैकीं नऊ पडले, तर त्यांनीं आमच्याशीं भांडावयास अवश्य यावें. मात्र येतांना मुलालाही बरोबर आणावें, व पांच मिनिटें त्याच्याशीं इंग्रजींत बोलून पाहावें.